घनता २० मेगापास्कलला जुळते, ९ला का नाही?

प्रश्न : आमच्याकडे यू-नळीचा कंपन-डेन्सिटोमीटर (भरलेल्या नळीच्या कंपनावरून घनता मोजणारे यंत्र) आहे. ४० अंश सेल्सिअसला शुद्ध कार्बन डायऑक्साइडची घनता २० मेगापास्कलला तक्त्याशी जवळपास जुळते, पण ९ला घनमीटरमागे वीस-बावीस किलो जास्त येते. डेकेन (एक द्रव हायड्रोकार्बन) मिसळले की कमी दाबाला आकडा स्थिरच होत नाही. कॅलिब्रेशन फक्त पाण्यावर केले आहे. नळी बिघडली का?

उत्तर : नळीवर संशय नंतर घ्या, आधी दाबमापक बघा. ४० अंशांना या वायूची घनता ८ मेगापास्कलला २७८ किलो, ९ला ४८५ आणि १०ला ६२९ असते. २०च्या आसपास मात्र ती मेगापास्कलमागे जेमतेम नऊ-दहा किलोंनी वाढते. ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाबमापक, गेज दाब (हवेच्या दाबाच्या वरचा) दाखवतो आणि तक्ता निरपेक्ष दाबाचा (हवेचा दाब धरून), असे झाले असेल तर ०.१ मेगापास्कलची ही तफावत ९ला वीस-बावीस किलो खाते, २०ला एक किलोही नाही. तुमची चूक नेमकी या मापाची आहे. सेल (नळीचा मोजणीचा भाग) ०.६ अंशाने थंड असता तरी ९ला असेच दिसले असते, पण मग २०लाही तीनेक किलो जास्त आले असते.

कॅलिब्रेशन मात्र अपुरेच आहे. घनता = अ × कंपनकालाचा (एका कंपनाला लागणाऱ्या वेळेचा) वर्ग − ब. अ आणि ब हे नळीचे स्थिरांक. यातला ‘अ’ तापमानावर अवलंबून धरतात, ‘ब’ दाबावरही. म्हणून दर तापमानाला एक वाचन व्हॅक्यूममध्ये घ्या आणि विरलेली हवा काढलेल्या पाण्याची वाचने प्रत्येक दाबाला घ्या. नंतर नळी पूर्ण कोरडी करा.

मिश्रणाचा आकडा नाचतो, कारण नळीत बुडबुडे आहेत. फ्लोटिंग पिस्टनच्या (आत मोकळा सरकणारा पिस्टन असलेल्या) सिलिंडरमध्ये आधी डेकेन, मग वायू भरा आणि दोन्ही वेळा वजन करा. ३० ग्रॅम डेकेनला २७.८ ग्रॅम वायू घेतला की मिश्रणात वायू ७५ मोल टक्के (रेणूंच्या संख्येने) होतो. पिस्टनमागे २० मेगापास्कल ठेवून, दाब स्थिर होईपर्यंत सिलिंडर हलवा. सेलमध्ये घेताना दाब पडू दिला तर मिश्रण फुटते, म्हणजे वायू आणि द्रव वेगळे होतात, आणि आत गेलेले प्रमाण तुम्ही तोललेले राहत नाही. म्हणून दाब चढाच ठेवून, सेलच्या काही पट मिश्रण बाहेर सोडा, मगच वाचने सुरू करा. दाब वरून खाली, पायरीपायरीने उतरवा. कंपनकाल डळमळू लागला की थांबा, त्याखालची वाचने टाकून द्या.

वायू विरघळल्यावर डेकेनची घनता वाढलेली दिसेल. ती चूक नव्हे.

ओ-रिंग (जोडांतल्या रबरी सीलकड्या) हा वायू शोषतात. दाब झटकन सोडलात तर त्या आतून फुटतात आणि पुढच्या वेळी गळती शोधत बसावे लागते.