सासू-सासरे पहिल्यांदा राहायला येताना

अगं, घाबरू नकोस. बाळ आठ महिन्यांचं आहे ना, मग घर आवरण्याआधी दोन गोष्टी बघ. एक, आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या. प्रवासातून आल्या आल्या त्या पिशवीत, उशीखाली, टीपॉयवर कुठेही असतात. आमच्या रांगत्या लेकीने अख्खी पट्टी तोंडात धरली होती, नशीब मी पाहिलं. तेव्हापासून पहिल्या दिवशीच गोळ्या डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवते. दुसरं म्हणजे मध. गुटीत, चाटणात प्रेमाने मध घालतात, पण वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. हे नवऱ्यालाच सांगू दे. नाहीतर लसीकरणाला आजींना सोबत ने, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं लवकर पटतं.

बाकीचं बरंच सोडून दे गं. झोप अर्धा तास लांबली तर लांबू दे. मालीश मात्र आजींनाच करू दे. जमिनीवर पाय पसरून, बाळाला पायांवर घेऊन, तेल कोमट करून त्या जसं हळूहळू चोळतात, ते बघत राहावं असं असतं. आणि अंघोळीनंतर बाळ झोपलं की तूही झोप, भांडी राहू देत.