ओपन-वर्ल्ड आरपीजीमधली एनपीसी पात्रं खोटी का वाटतात? एआयमुळे ती खरी वाटू लागतील का?

तुम्ही विचारलंय, की हल्ली ओपन-वर्ल्ड आरपीजीमध्ये, म्हणजे मोकळं हिंडत एखादी भूमिका घेऊन खेळायच्या गेममध्ये, शेकड्यांनी एनपीसी (खेळाडू चालवत नसलेली पात्रं) असतात, ते खातात, झोपतात, कामाला जातात, तरी बाहुल्यांसारखे का वाटतात, आणि एआय आल्यावर हे सुटेल का. एआयकडे नंतर येते. पहिल्या भागावर माझं उत्तर ठाम आहे: तुम्ही त्यांच्या डोळ्यांदेखत काय केलंत, हे त्यांना थोड्या वेळाने ठाऊकच नसतं. चेहरे, आवाज, दिनक्रम हे सगळं त्याच्या खालचं.

मी काही वर्षं एका छोट्या टीममध्ये गेमचे संवाद लिहायचे. आमच्या गेममध्ये नदीकाठचं एक गाव होतं आणि तिथे एक नावाडी. मेन क्वेस्टसाठी (मुख्य मोहिमेसाठी) नदी ओलांडावीच लागायची, म्हणजे प्रत्येक खेळाडूची त्याच्याशी गाठ पडणार हे नक्की. लीड डिझायनरचा आग्रह होता की गाव जिवंत वाटायचं तर प्रत्येकाला चोवीस तासांचं शेड्यूल पाहिजे. त्याप्रमाणे नावाडी पहाटे उठायचा, होडी तपासायचा, दुपारी झाडाखाली जेवायचा, संध्याकाळी गुत्त्यात जाऊन बसायचा. अ‍ॅनिमेशनवाल्यांनी त्याच्यात जीव ओतला होता. दोर गुंडाळतानाचे त्याचे हात बघत राहावेत, इतकं सुंदर काम होतं.

मग प्लेटेस्ट झाली, म्हणजे टेस्टर्सना गेम खेळायला देऊन आम्ही बघत बसलो. एका टेस्टरने रात्री त्याची होडी पळवली, पलीकडच्या तीरावर सोडून दिली आणि पोहत परत आला. सकाळी नावाडी रिकाम्या धक्क्यावर बसून तोच दोर गुंडाळत होता. टेस्टर समोर येताच म्हणाला, "या, आज नदी शांत आहे. पलीकडे सोडू का?"

टेस्टर खो खो हसला, आणि त्या क्षणी नावाडी पात्र म्हणून मेला. मी खोलीतच होते, मला ते दिसलं. फीडबॅकमध्ये दोराबद्दल, जेवणाबद्दल, गुत्त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. होडीबद्दल होतं.

मी जे मागितलं ते फार नव्हतं. एक फ्लॅग (गेमने लक्षात ठेवायची हो-नाही नोंद): होडी जागेवर आहे की नाही. दुसरा: नेताना खेळाडूला कोणी पाहिलं का. आणि त्यांवर बेतलेले मोजके संवाद. होडी नसेल तर नावाडी धक्क्यावर बसणार नाही, काठाकाठाने शोधत फिरेल. कोणी पाहिलेलं असेल तर होडी सापडल्यावर तो तुम्हाला दुप्पट भाडं सांगेल आणि कारण सांगणार नाही. त्याची बायको सांगेल, तेही तुम्ही तिच्याशी आपणहून बोलायला गेलात तरच. हे मी लिहून दिलं. लीडने काढून टाकलं. त्याचं म्हणणं, खेळाडू एनपीसीच्या मनात डोकावत नाही, त्याला फक्त जग भरलेलं दिसायला हवं. शिवाय रेकॉर्डिंगचा खर्च कोण करणार? 'खेळाडू मनात डोकावत नाही' हे वाक्य मी टीम सोडल्यावरही कैकदा ऐकलं, वेगवेगळ्या लोकांच्या तोंडून, आणि प्रत्येक वेळी मला तो धक्का आणि तो दोर आठवतो.

तर, ते वाक्य चूक आहे, आणि ते चूक असल्याचे पुरावे बाजारात कधीपासून पडलेले आहेत.

दिनक्रम ही नवी गोष्टच नाही. अल्टिमा ५ या गेममध्ये, म्हणजे १९८८ साली, गावकरी वेळेवर उठून कामाला जात होते. २००६ मध्ये ऑब्लिव्हियन आला तेव्हा 'रेडियंट एआय'चा केवढा गाजावाजा होता: हजाराच्या घरात एनपीसी, प्रत्येकाची भूक, झोप, कामधंदा. आज लोकांना त्यातलं काय आठवतं? रस्त्यात भेटून मडक्रॅबबद्दल (गेममधला खेकड्यासारखा प्राणी) एकमेकांशी तुटक बोलणारी माणसं. आणि एकाच संभाषणात आवाज बदलणारे भिकारी. त्या पात्रांना वेळापत्रक होतं, पण समोरच्याने आत्ता काय म्हटलं याचा पत्ता नव्हता. स्कायरिममध्ये (२०११) दुकानदाराच्या डोक्यावर बादली पालथी घालून त्याचं दुकान साफ करता यायचं. त्याला दिसत नाही म्हणजे चोरी झालीच नाही, असा तो हिशोब. पण डोक्यावर बादली कोणी घातली, हा प्रश्न त्याला पडत नाही! दरोडेखोराला बाण लागतो, तो थोडा वेळ शोधतो आणि मग वारा असेल म्हणून जागेवर जातो. इंद्रियं आहेत, स्मृती नाही.

आता त्याच काळातली दुसरी वाट बघा. गॉथिक (२००१) ग्राफिक्सच्या बाबतीत तेव्हाही दणकट नव्हता. पण तिथे तुम्ही कोणाच्या खोपटात शिरलात की तो हाकलतो. त्याच्यासमोर तलवार उपसलीत की आधी दम देतो, मग अंगावर येतो. हरलात तर बहुतेक माणसं तुम्हाला मारून टाकत नाहीत, बेशुद्ध पाडून तुमची पुंजी आणि शस्त्र घेऊन जातात. म्हणजे त्या माणसाला तुमच्याकडून काहीतरी हवं होतं. गॉथिक २ मध्ये खोरिनिस शहरात चोरी करताना पकडला गेलात तर लोक तुमच्याशी धड बोलत नाहीत. लॉर्ड आंद्रेकडे जाऊन दंड भरेपर्यंत ते तसंच चालतं. मी पहिल्यांदा दंड भरायला निघाले तेव्हा मला खरोखर शरम वाटली होती, आणि ती एका ठोकळ्यासारख्या चेहऱ्याने वाटायला लावली होती.

किंगडम कम: डिलिव्हरन्स (२०१८) याच घराण्यातला. सन १४०३ चा बोहेमिया, आणि रक्ताने माखलेल्या कपड्यांत गेलात तर लोक ते बघून त्यानुसार वागतात. अंघोळ, कपडे, आधीची कृत्यं सगळं मोजलं जातं. रेड डेड रिडेम्पशन २ काटेकोरपणे आरपीजी नाही, पण तिथल्या तळावर बरेच दिवस फिरकला नाहीत तर सोबती बोलून दाखवतात. त्या खेळाचा खर्च कोणी सहज करू शकणार नाही, मान्य. पण 'इतके दिवस होतास कुठे?' या एका वाक्याला प्रचंड खर्च येत नाही. एक तारीख लक्षात ठेवावी लागते.

शत्रूंच्या बाबतीत शॅडो ऑफ मॉर्डोरने (२०१४) हे फार पुढे नेलं. तुम्हाला मारणारा क्षुल्लक ऑर्क (राक्षसी सैनिक) बढती मिळवतो आणि पुढच्या भेटीत तुम्हाला टोमणे मारतो. जाळून सोडलेला ऑर्क वाचला तर भाजल्याचे व्रण घेऊन परत येतो. नेमेसिस सिस्टम नावाच्या या यंत्रणेचं पेटंट वॉर्नर ब्रदर्सना २०२१ मध्ये मिळालं. माझ्या मते या माध्यमाचं त्याने नुकसान केलं. वैर लक्षात ठेवणारं पात्र ही कल्पना सगळ्यांनी उचलावी, मोडावी, सुधारावी अशी होती.

लीडच्या बाजूने जे खरं आहे तेही सांगते. आठवण ठेवायची म्हणजे फक्त एक फ्लॅग नसतो. फ्लॅग वाढले की त्यांची एकमेकांशी होणारी गुंतागुंत दुपटीने वाढत जाते. मेलेल्या माणसाबद्दल बायको जिवंत असल्यासारखी बोलते, असले बग त्यातूनच येतात आणि ते सगळं टेस्ट करावं लागतं. खेळाडूपासून लांबची पात्रं इंजिन (गेम चालवणारं सॉफ्टवेअर) पूर्ण चालवत नाही, फार तर ढोबळ हिशोब ठेवतं, त्यामुळे 'गावभर बातमी पसरली' हेही कुठेतरी ठोकताळ्यानेच दाखवावं लागतं. प्रत्येक वाक्याचं रेकॉर्डिंग, आणि भाषा वाढल्या की तेही वाढतं. म्हणून प्रत्येकाला स्मृती द्या असं मी कधीच म्हटलं नाही. बाजारातली गर्दी गर्दीच राहू द्या. पण ज्या दहा-वीस लोकांशी खेळाडूचं काम पडणारच आहे, त्यांना द्या. रेकॉर्डिंग परवडत नसेल तर ती वाक्यं नुसती मजकूर म्हणून दाखवा. मॉरोविंडचे (२००२) बहुतेक संवाद वाचायचेच होते.

मॉरोविंड काढलाच आहे, तर तो माझ्या म्हणण्याला थोडा आडवा जातो हेही लिहायला हवं. तिथले बहुतेक लोक दिवसरात्र एकाच जागी उभे असतात, आणि तरी ते जग मला ऑब्लिव्हियनपेक्षा खरं वाटतं. कारण तिथे प्रत्येकाची बाजू ठरलेली आहे: कोणत्या घराण्याचा, कोणत्या देवाचा, परक्यांबद्दल मनात काय. शिवाय कथेला आवश्यक पात्रालाही तुम्ही ठार मारू शकता. गेम तुम्हाला कळवतो की भविष्यवाणीचा धागा तुटला, आणि तुम्हाला त्या मोडलेल्या जगात खेळत राहू देतो. ऑब्लिव्हियनमध्ये अशी पात्रं बेशुद्ध होऊन उठून बसतात. म्हणजे स्मृतीसोबत परिणामही हवा. त्या दोन्हींतलं एकही नसेल तर शेड्यूल कितीही बारीक विणा, ते देखावाच राहतं.

आता एआय. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी एका छोट्या आभासी गावात भाषा मॉडेलवर चालणारी २५ पात्रं सोडली होती. एकीला व्हॅलेंटाइन पार्टी द्यायची आहे एवढंच सुचवलं, आणि निमंत्रण तोंडोतोंडी पसरून काही जण वेळेवर पोचलेही. हे मला मनापासून आवडलं. पण त्यांनी काय केलं ते नीट बघा: प्रत्येक पात्राला आठवणींची नोंदवही दिली आणि तिच्यातलं महत्त्वाचं वेचून काढायची पद्धत दिली. बोलणं त्यानंतरचं. आत्ताच्या बऱ्याच एआय-एनपीसी डेमोंमध्ये उलटं दिसतं. पात्र कशावरही वाट्टेल तितकं बोलतं, पण त्याची होडी नेली तर गेमच्या जगात काहीच बदलत नाही. न संपणारी बडबड हा माझ्या लीडच्या गर्दीचाच पुढचा अवतार आहे.

तुम्ही स्वतः काही बनवत असाल (प्रश्नावरून तसं वाटतंय), तर एक पात्र घ्या. त्याच्या मालकीची एक वस्तू ठरवा, जी खेळाडू नेऊ शकतो, मोडू शकतो किंवा परत देऊ शकतो. तिन्ही वेळा ते पात्र दुसऱ्या दिवशी कुठे असेल आणि काय करेल, हे आधी लिहा. ते चालल्याशिवाय त्याला झोपायची जागासुद्धा देऊ नका. कोणी म्हणालं की खेळाडू इतकं बघत नाही, तर प्लेटेस्टच्या वेळी त्याला खेळाडूच्या शेजारी बसवा.