आईचे निरोप भलत्याच फोनवर

प्रश्न : काका, नमस्कार. मी वारज्याला राहते. मध्यंतरी नवीन सिम घेतलं, त्यावर व्हॉट्सॲप सुरू केलं आणि लगेच एका बाईंचे व्हॉइस मेसेज यायला लागले. बोलण्यावरून कोरेगावकडच्या वाटतात. मुलाला ‘बापू’ म्हणतात. आधी साधंच असायचं, ‘जेवलास का’, ‘एसटीनं हुलग्याचं पीठ धाडलंय, स्वारगेटला ड्रायव्हरकडनं उतरवून घे’. हल्ली जमिनीच्या वाटणीचं चाललंय. ‘थोरला सहीसाठी मागं लागलाय. तू हो म्हनल्याबिगर मी अंगठा लावायची न्हाई.’ फोन त्या करत नाहीत, कारण ‘कामावर असताना फोन केला की तू वसकन अंगावर येतोस’. माझ्या डीपीला दगडूशेठचा गणपती आहे, त्यामुळे त्यांना शंका आली नसावी. थांबतील आपोआप म्हणून मी गप्प राहिले. ब्लू टिकही बंद करून टाकली. आता सांगायची लाज वाटते, कारण सगळं ऐकलंय. आणि मुलानंच मुद्दाम नवा नंबर कळवला नसेल तर मी कोण मध्ये पडणार? याच नंबरवर कुणाच्या तरी बँकेचे ओटीपीही येतात. काय करू?
– एक वाचक, वारजे

उत्तर : ताई, आधी त्या ब्लू टिकचं बघू, कारण सगळी गोम तिथेच आहे. ती बंद केली की लिहिलेला मेसेज वाचल्याचं समोरच्याला कळत नाही, हे खरं. व्हॉइस मेसेजला मात्र ती सोय नाही. तुम्ही तो ऐकलात की त्या बाईंच्या फोनवर माइकचं चिन्ह निळं होतं, सेटिंग काहीही असो. म्हणजे कोरेगावकडे बसलेल्या त्या आईला रोज दिसतंय की बापूनं ऐकलं आणि बापू काही बोलला नाही. तुम्हाला वाटतंय तुम्ही गप्प आहात. तिकडे तिचा मुलगा गप्प आहे! आणि त्याच्या ‘हो’साठी अंगठा अडलाय.

म्हणून मध्ये पडू का, हा प्रश्नच आता उरलेला नाही. तुम्ही मध्ये आहातच, बाजूला व्हायचंय.

मुलानं मुद्दाम कळवलं नसेल, ही शंकाही जरा बाजूला ठेवा. रिचार्ज न करता नंबर बरेच दिवस पडून राहिला की कंपनी तो काढून घेते आणि किमान 90 दिवस थांबून दुसऱ्याला देते. 2023 साली हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला होता. तेव्हा न्यायालयानंही म्हटलं की जुन्या नंबरवरचं व्हॉट्सॲप खातं आणि त्यातला मजकूर काढून टाकणं हे आधीच्या ग्राहकाचं काम. पण हे करतो कोण? सिम मेलं तरी जुन्या हँडसेटवर वायफायवर व्हॉट्सॲप बिनबोभाट चालत राहतं. तुम्ही त्याच नंबरनं नोंदणी केलीत, त्या क्षणी त्याचं बंद पडलं असणार. तोवर मायलेकरांचं बोलणं कदाचित त्यावरच सुरळीत चाललं होतं. हा माझा अंदाज, पण तुमच्या अंदाजापेक्षा बापूला जरा बरा.

मी पोस्टात नोकरी केली, बरीचशी सिटी पोस्टात. सदाशिव पेठेच्या बीटवर एकेका वाड्यात तीन-तीन कुलकर्णी, त्यातल्या दोघांची आद्याक्षरं सारखी. पत्रं इकडची तिकडे व्हायचीच. शहाणी माणसं काय करायची? पाकीट चुकून फोडलं गेलं तर त्यावर ‘चुकून उघडले’ असं लिहून, सही करून पोस्टमनच्या हातात परत द्यायची. आत काय होतं यावर चकार शब्द नाही. आणि काही माणसं (नावं मला अजून आठवतात, सांगत नाही) पत्र वाचून, डिंकानं चिकटवून, वर ‘सुनेचं पत्र आलंय वाटतं’ म्हणून नेऊन द्यायची. तुम्ही पहिल्यांतल्या व्हा.

फोन करा. मेसेज टाइप करू नका, त्या बाई बोलून निरोप पाठवतात म्हणजे वाचणं कदाचित जमत नसेल. व्हॉट्सॲप कॉलही नको, साधा फोन. दुपारी, जेवणं उरकल्यावर. एवढंच म्हणा, ‘मावशी, मी पुण्याहून बोलतेय. हा नंबर कंपनीनं आता मला दिलाय. तुमच्या मुलाकडे हा नाही. तुम्ही पाठवलेलं त्याला मिळालेलंच नाही.’ शेवटचं वाक्य गिळू नका, सगळ्या फोनचं मोल त्या वाक्यात आहे. ‘ऐकलंस का गं सगळं?’ असं विचारलं तर हो म्हणा, निळा माइक त्यांनी पाहिलाय. वाटणीबद्दल, थोरल्याबद्दल अवाक्षर नाही, सल्ला तर मुळीच नाही. ‘तो बरा असेल हो’ असंही म्हणू नका, तुम्हाला काय माहीत?

आणखी एक. तुम्ही त्यांना काहीही विचारायचं नाही. मुलाचं नाव नाही, नवा नंबर नाही, गाव नाही. अनोळखी बाईनं फोन करून ‘नंबर चुकलाय’ म्हणत चौकशी सुरू केली की हल्ली माणसं सावध होतात, आणि व्हायलाच हवं. ‘घरातल्या कुणाकडून तरी बापूचा नवा नंबर घ्या’ म्हणा आणि ठेवा. त्या चिडतील, रडतील, कदाचित तुम्हालाच बोल लावतील. ऐकून घ्या. मग ते सगळे मेसेज काढून टाका. पुन्हा आलाच तर न ऐकता ‘मावशी, मी वारज्याची’ एवढं बोलून पाठवा. बापूला शोधून काढायच्या भानगडीत पडू नका. आणि पीठ आणायला स्वारगेटला जायचं मनात आलं असेल तर तेही नको.

ओटीपीचं वेगळं. ते कुणालाही सांगायचे नाहीत, ‘मीच तो जुना मालक’ म्हणून फोन आला तरी नाही. मेसेजवर बँकेचं नाव असतं, तिच्या ग्राहक सेवेला किंवा शाखेत जाऊन सांगा की हा नंबर आता माझा आहे, खातं माझं नाही. कायमचे बंद झालेल्या नंबरांची यादी ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, प्रसिद्ध करतं, बँकांनी ती ताडून पाहायची असते. तरी काही खाती राहतातच.

तुमचा जुना नंबर होता का? असेल आणि सोडला असेल, तर तोही उद्या असाच कुणाच्या तरी हातात जाईल. बँक, गॅस, पीएफ, सगळीकडे नवा नंबर द्या. आधारलाही द्या, बऱ्याच पोस्टांतही ते काम होतं.

प्रश्न : कोथरूडहून लिहितो. निवृत्त आहे. एका परदेशी नंबरवरून ‘डॉक्टर, उद्याची वेळ नक्की ना?’ असा मेसेज आला. मी ‘राँग नंबर’ कळवलं. त्या बाईंनी माफी मागितली, मग रोज बोलणं सुरू झालं. अतिशय सुसंस्कृत आहेत. आता शेअर्समधलं एक ॲप सुचवताहेत. घेऊ का?

उत्तर : नाही. साहेब, तो मेसेज चुकून आला नव्हता. असे मेसेज शेकड्यांनी सुटतात आणि ‘राँग नंबर’ असं सभ्यपणे कळवणारा माणूसच त्यांना हवा असतो. सुरुवातीला ॲपवर नफा दिसेल, थोडे पैसे काढूही देतील, मोठी रक्कम गेली की दार बंद. आजच ब्लॉक करा. पैसे आधीच दिले असतील (तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण ‘घेऊ का’ असं विचारणाऱ्या बऱ्याच जणांनी घेतलेलं असतं) तर ताबडतोब 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा आणि बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. आणि चॅट पुसू नका. घरात कुणी पाहू नये म्हणून लोक आधी तेच करतात आणि तक्रार द्यायला जातात तेव्हा दाखवायला काही उरत नाही.