परदेशात आयव्हीएफ: तिकीट काढण्याआधी

प्रश्न : आम्हाला आवडलेल्या परदेशी क्लिनिकचं यशाचं प्रमाण खूपच जास्त आहे. त्यावर भरवसा ठेवावा का?

आधी विचारा, यश कशाला म्हणता? गर्भधारणेची रक्तातली बीटा-एचसीजी चाचणी पॉझिटिव्ह येणं, सोनोग्राफीत गर्भ दिसणं आणि बाळ जन्माला येणं, या तिन्हींचे आकडे वेगवेगळे असतात आणि जाहिरातीत सहसा मोठा तोच छापला जातो. दुसरं, हे प्रमाण दर ट्रान्स्फरमागे (भ्रूण गर्भाशयात सोडणं) आहे की सुरू केलेल्या दर सायकलमागे (उपचाराची एक पूर्ण फेरी)? ट्रान्स्फरमागे असेल तर ज्यांचं भ्रूण तयारच झालं नाही, त्या स्त्रिया हिशेबातून गळतात. तुमच्या वयोगटात, स्वतःचीच स्त्रीबीजं वापरून मिळालेल्या यशाचा आकडा मागा. एका वेळी किती भ्रूण सोडतात, हेही विचारा. जुळी राहिली तर मुदतपूर्व प्रसूतीचा आणि रक्तदाबाचा धोका वाढतो, आणि तो तुम्हाला घरी परतल्यावर निस्तरावा लागतो.

प्रश्न : इंजेक्शनं इथेच घेऊन शेवटी तिकडे गेलं तर चालेल का?

बहुतेकदा चालतं. स्त्रीबीजं वाढवणारी इंजेक्शनं साधारण ८ ते १४ दिवस चालतात आणि पहिले काही दिवस सोनोग्राफी, रक्ततपासणी घराजवळ होऊ शकते. पण ती करणारे डॉक्टर आधीच ठरवून ठेवा. दुसऱ्याच्या पेशंटची तपासणी करायला अनेक जण राजी नसतात. रिपोर्टमध्ये 'प्रगती चांगली' एवढंच नको. प्रत्येक फॉलिकल (स्त्रीबीज वाढतं ती पिशवी) किती मिलिमीटरचं, गर्भाशयाच्या अस्तराची जाडी किती, हे हवं. एस्ट्रॅडिऑल या हार्मोनच्या रक्ततपासणीचं एककही बघा : काही लॅब पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर लिहितात, काही पिकोमोल प्रति लिटर. पहिल्याला सुमारे ३.६७ ने गुणलं की दुसरं मिळतं. म्हणजे ५०० आणि १८३५ हा एकच निकाल! एकक न लिहिता नुसता आकडा कळवला, तर डोस चुकायला तेवढं पुरतं.

ट्रिगर इंजेक्शनच्या, म्हणजे स्त्रीबीजं पिकवणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनच्या, वेळेला मात्र सवलत नाही. स्त्रीबीजं त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी काढतात. ट्रिगर उशिरा घेतलं तर बीजं पिकलेली नसतात. फार लवकर घेतलं तर ती काढण्याआधीच फुटून निघून जातात. म्हणून ट्रिगरच्या निदान दोन-तीन दिवस आधी पोहोचा आणि वेळ 'कुठल्या घड्याळाप्रमाणे' हे लेखी घ्या. तारीख पुढेमागे होतेच, तेव्हा परतीचं तिकीट बदलता येणारं हवं.

प्रश्न : औषधं विमानात कशी न्यावीत?

हातातल्या बॅगेत, मूळ खोक्यात, पासपोर्टवरच्याच नावाच्या प्रिस्क्रिप्शनसह. फ्रिजमध्ये ठेवायच्या इंजेक्शनच्या पेनांना २ ते ८ अंश लागतं. बर्फाच्या पॅकला चिकटून पेन गोठलं तर वितळल्यावरही ते वापरू नका.

प्रश्न : दात्रीची स्त्रीबीजं घ्यायची आहेत. देश कोणता निवडावा?

दर बघण्याआधी कायदा बघा. जर्मनीत स्त्रीबीजदानाला बंदी आहे. स्पेन आणि चेक प्रजासत्ताकात दात्रीची ओळख गुप्त राहते. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००५ पासूनच्या नियमाप्रमाणे मूल १८ वर्षांचं झाल्यावर दात्याची ओळख मागू शकतं. एकदा मूल झालं की हा निर्णय फिरवता येत नाही, म्हणून दोघांनी आधी बोलून घ्या. (घरबसल्या होणाऱ्या डीएनए चाचण्यांमुळे गुप्ततेची हमी तशीही पातळ झाली आहे.) उरलेली गोठवलेली भ्रूणं पुढे मायदेशी नेता येतील का, साठवणुकीचं भाडं किती, दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला किंवा घटस्फोट झाला तर काय, हे संमतिपत्रावर सही करण्याआधी विचारा. सरोगसीचा विचार असेल तर बाळाचं नागरिकत्व आणि पालकत्व यासाठी वकील आधी, क्लिनिक नंतर.

प्रश्न : ट्रान्स्फरनंतर लगेच प्रवास केला तर भ्रूण पडेल का?

नाही, भ्रूण असं पडत नाही, आणि पलंगावर पडून राहिल्याने यशही वाढत नाही. जपायचं ते दुसरंच. पोट फुगणं, दिवसाला किलोभर वजन वाढणं, लघवी कमी होणं, धाप लागणं ही अंडाशय अतिउत्तेजित झाल्याची लक्षणं आहेत. यात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, म्हणून ती दिसली तर विमानात न चढता क्लिनिक गाठा. गर्भाला आधार देणारं प्रोजेस्टेरॉन हे औषध गर्भचाचणीचा निकाल येईपर्यंत पुरेल आणि वर थोडं उरेल एवढं सोबत आणा; गर्भ राहिला तर ते पुढेही काही आठवडे लागतं. चाचणी पॉझिटिव्ह आली तरी सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी चुकवू नका, कारण आयव्हीएफनंतरही गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नलिकेत रुजू शकतो.