डेटाच्या आधारे पादचाऱ्यांची सुरक्षितता खरोखर वाढते का? नाशिकमध्ये सुरुवात कुठून करावी?

वाढते, पण केवळ अपघातांचे आकडे गोळा करून नव्हे. २०२२ मध्ये देशात ३२,८२५ पादचारी रस्त्यांवर मृत्युमुखी पडले, आणि राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण ५०० मीटर पट्ट्यात ३ वर्षांत ५ गंभीर वा प्राणघातक अपघात किंवा १० मृत्यू झाले, तरच त्याला 'ब्लॅक स्पॉट' म्हणतात. म्हणजे सरकारदरबारी जागा धोकादायक ठरण्यासाठी आधी माणसे पडावी लागतात.

गंगापूर रोडजवळच्या आमच्या वस्तीत रस्ता रुंद झाल्यापासून माझी आई भाजीला जाताना दुभाजकापर्यंत कशीबशी पोहोचत असे आणि पिशवी छातीशी धरून तिथेच अडकून पडत असे. पुढे तिने समोर जाणेच सोडले. सिग्नलसाठी अर्ज केला, तेव्हा संबंधित कार्यालयाने येथे अपघाताची नोंद नसल्याचे कळवले. माझे मेहुणे स्थापत्य अभियंता आहेत; त्यांनी त्या उत्तराची बाजू घेत, रस्ता ओलांडण्याची सोय हवी की नाही हे ठरवण्याचे सूत्र मला ऐकवले: गर्दीच्या तासाला रस्ता ओलांडणाऱ्यांची संख्या गुणिले वाहनसंख्येचा वर्ग. हिशेब बरोबर आहे, परंतु भीतीने घरी बसलेली माझी आई त्यात शून्य धरली जाते, आणि रस्ता जितका भयंकर, तितका ओलांडणाऱ्यांचा आकडा लहान होतो, हे त्यांना आजही मान्य नाही.

म्हणून मोजायचेच असेल, तर माणूस दुभाजकावर किती वेळ खोळंबतो, किती जण अर्ध्यातून मागे फिरतात आणि किती वाहनांना करकचून ब्रेक लावावा लागतो, ते मोजा. गच्चीतून मोबाइलवर केलेले चित्रण त्यासाठी पुरते. सिग्नलची वेळही तपासा. सेकंदाला १.२ मीटर चाल धरली, तर १८ मीटर रस्त्याला १५ सेकंद लागतात, ०.८ मीटरने चालणाऱ्या वृद्धाला साडेबावीस लागतात.

एका संध्याकाळच्या मोजणीवरून निष्कर्ष काढू नये, आणि ई-डार या अपघातांच्या सरकारी संगणकीय प्रणालीतील पोलिसांच्या नोंदींना हा पर्यायही नव्हे, हे मान्य. मात्र सिंहस्थाच्या कामांत रस्ते आणखी रुंद झाले आणि आधीची मोजणीच हाती नसली, तर नंतर तुलना कशाशी करणार, याचे उत्तर मेहुण्यांनी अजून दिलेले नाही.