ठेकेदार काम टाकून गेला, तर जामीनदाराने किती भरायचे?

प्रश्न : एका सार्वजनिक वाचनालयाच्या इमारतीचे काम घेतलेल्या ठेकेदारासाठी मी आणि त्याचे एक नातेवाईक, अशा दोघांनी कामपूर्तीचे जामीनपत्र लिहून दिले होते. ठेकेदाराने काम अर्धवट टाकले. संबंधित खात्याने नवी निविदा काढून उरलेले काम दुसऱ्याकडून पूर्ण करून घेतले आणि जादा खर्चाची सगळी रक्कम माझ्या एकट्याकडे मागितली आहे. ठेकेदाराची मालमत्ता असताना आधी त्याच्याकडून वसुली व्हायला नको का? शिवाय झालेल्या कामाच्या मानाने त्याला अधिक पैसे आधीच दिले गेले, असे कळते. त्याचा मला काही उपयोग होईल का? – एक वाचक

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला रुचणार नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोच्या (इथे ठेकेदाराच्या) जबाबदारीइतकीच असते, आणि धनकोने (इथे खात्याने) आधी ऋणकोच्या मागे लागून थकावे व मगच जामीनदाराकडे यावे, असे बंधन कायद्याने घातलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये बँक ऑफ बिहारच्या प्रकरणात हेच सांगितले. धनकोला असे थांबवून ठेवले, तर जामीन घेण्यात काही अर्थच उरत नाही. तेव्हा ‘आधी त्याला विचारा’ हा बचाव नोटिशीच्या उत्तरात मुख्य मुद्दा म्हणून मांडू नये.

दुसरा प्रश्न मात्र आपल्या दृष्टीने खरा महत्त्वाचा आहे. धनकोच्या एखाद्या कृतीमुळे अथवा कर्तव्यातील कसुरीमुळे जामीनदाराचा ऋणकोविरुद्धचा पुढील उपाय दुबळा झाला, तर जामीनदार मुक्त होतो, असे कलम १३९ सांगते. त्या कलमाखाली दिलेले उदाहरण जहाजबांधणीचे आहे : काम ठरावीक टप्प्यांवर पोहोचले की हप्ते द्यायचे ठरलेले असताना मालकाने जामीनदाराला न कळवता शेवटचे दोन हप्ते आगाऊ देऊन टाकले, आणि जामीनदार सुटला. इंग्लंडमध्ये १८३८ साली लंडन डॉक कंपनीच्या बांधकामाबाबत असाच निर्णय झाला होता. काम होईल तसे तीन-चतुर्थांश पैसे द्यायचे आणि उरलेला चौथा हिस्सा काम पुरे झाल्यावर द्यायचा, असा करार असताना कंपनीने त्याहून जास्त रक्कम देऊन टाकली. अशा मदतीने जामीनदारांचेच हित साधले, हा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. राखून ठेवलेला पैसा ठेकेदाराला काम पुरे करण्याची ओढ लावतो आणि जामीनदाराला आधार देतो. तो आधार दुसऱ्या कोणी परस्पर काढून घेऊ शकत नाही.

म्हणून मोजमाप पुस्तक (झालेल्या कामाच्या मोजमापांची नोंदवही), चालू देयके (काम सुरू असताना वेळोवेळी दिलेली बिले) आणि देयके देण्याच्या अटी यांच्या प्रती लेखी मागा. देयकाची तारीख आणि त्या तारखेपर्यंत मोजलेले काम शेजारी शेजारी ठेवले की आपला बचाव उभा राहतो की कोसळतो, हे बहुतेक तिथेच ठरते. खात्याने जागा, नकाशे किंवा स्वतः पुरवायचे साहित्य वेळेवर दिले होते का, हेही पाहा. मालकाने ठरलेले लाकूड पुरवले नाही म्हणून घर बांधणाऱ्याचा जामीनदार मुक्त होतो, हे उदाहरण खुद्द कलम १३४ खालीच आहे. आपल्या संमतीवाचून करारात बदल झाला असेल, तर कलम १३३ नुसार त्या बदलानंतरच्या व्यवहारांपुरते आपण मुक्त होता. नुसती वसुलीला दिरंगाई झाली, एवढ्याने मात्र कलम १३७ प्रमाणे सुटका होत नाही.

या सगळ्याला एक अडसर आहे. अशा जामीनपत्रांच्या छापील मसुद्यात ‘कामात बदल केला, मुदत वाढवली किंवा सवलत दिली तरी जामीनदाराची जबाबदारी कायम राहील’ असे वाक्य बहुधा असते आणि सही करणारा ते क्वचितच वाचतो. ते वाक्य आपल्या पत्रात असेल, तर वरील बचावांपैकी त्याच्या शब्दांत बसणारे बचाव लंगडे होतात. म्हणून त्यात आगाऊ पैसे देण्याचाही उल्लेख आहे की फक्त मुदतवाढीचा, हे शब्दशः तपासावे.

आता रकमेकडे वळू. ठेकेदार बुडाला म्हणून नव्या कामाची सगळी किंमत जामीनदाराच्या माथी येत नाही. मूळ कराराची किंमत १०० धरली, पहिल्या ठेकेदाराला ६० दिले आणि उरलेल्या त्याच कामाला ५५ लागले, तर जादा खर्च १५ इतकाच. ठेकेदाराने वेगळी भरलेली अनामत ५ असेल, तर राहिले १०. आणि जामीनपत्राची कमाल मर्यादा ८ असेल, तर मूळ मागणी ८ च्या पुढे जाऊ शकत नाही. देयकांतून कापून ठेवलेली रक्कम त्या ६० मध्ये धरली आहे का, हेही विचारा, कारण खात्याने ती स्वतःकडेच ठेवलेली असते आणि हिशेबात घोळ होतो तो याच ठिकाणी. नव्या निविदेत जास्त भारी फरशी किंवा मूळ नकाशात नसलेली खोली घातली असेल, तर तो खर्च आपला नाही. शिवाय नुकसान टाळण्याचे कोणते मार्ग खात्याच्या हाती होते, हे कलम ७३ प्रमाणे विचारात घ्यावेच लागते. काम वर्षानुवर्षे पडून राहू दिल्यामुळे वाढलेल्या दरांवर आपण आक्षेप घेऊ शकता.

मागणी कोणाच्या सहीने आली, हेदेखील पाहावे. बिहार सरकारविरुद्धच्या १९९९ च्या एका प्रकरणात बँक हमीत (ठेकेदारासाठी बँकेने लिहून दिलेल्या हमीपत्रात) मुख्य अभियंत्याचा उल्लेख असताना मागणी कार्यकारी अभियंत्याने केली होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी अयोग्य ठरवली. एरवी विनाअट बँक हमीत बँकेला मूळ वादात शिरताच येत नाही. आपले जामीनपत्र तसे नसल्यास वर सांगितलेले बचाव आपल्याला मोकळे आहेत.

दोघांपैकी एकाकडूनच सगळे मागण्याचा अधिकार खात्याला सहसा असतो. आपण भरल्यावर कलम १४६ प्रमाणे सहजामीनदाराकडून निम्मा वाटा मागता येतो. जामिनाच्या रकमा वेगवेगळ्या असतील, तर कलम १४७ पाहावे. ठेकेदाराविरुद्ध खात्याचे जे हक्क होते, ते कलम १४० नुसार आपल्याकडे येतात, आणि आपण ज्या मालमत्तेचा उल्लेख केला आहे, तिच्यावर हात टाकण्याची वेळ तेव्हा येते. तिची विक्री होण्याआधी वकिलाकडून मालमत्तेचे उतारे काढून ठेवावेत.