लॅपटॉप हलवला की बंद पडतो? आधी हे बघ
अरे, लगेच मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेला म्हणून घाबरू नकोस. आधी चार्जर काढ आणि नुसत्या बॅटरीवर चालवून बघ, लगेच बंद पडला तर बॅटरी खराब झालीय किंवा तिचे कॉन्टॅक्ट सैल झालेत, म्हणजे तो आतापर्यंत फक्त चार्जरवरच चालत होता आणि जरा हलवलं की पिन सुटते. मग चार्जर लावून पिन अगदी हळू हलव, चार्जिंगचा लाईट लुकलुकला तर डीसी जॅकचं (चार्जरची पिन जिथे घालतो ते भोक) सोल्डर, म्हणजे धातूचा जोड, तुटलंय किंवा पिनेजवळची वायर आतून गेलीय, माझ्याकडे वायरच निघाली होती. दुसरा त्याच व्होल्टेजचा, बहुतेक १९ ते २० व्होल्टचा, चार्जर लावून खात्री कर, तरीही लाईट लुकलुकला तर दोष जॅकचा. जॅकच बिघडला असेल तर इंदूरात सिल्व्हर मॉलमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानात दाखव, पण बोर्ड बदला म्हणाले तर हो म्हणू नकोस बरं! आणि जॅक गरम लागत असेल तर आजपासून वापरूच नकोस, डेटा आधी काढून घे.